ॲक्सेसमधून एसक्यूएल सर्व्हरवर गेल्यावर वारंवार येणारा 'राइट कॉन्फ्लिक्ट', '#डिलीटेड' आणि त्यांची मुळं

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमधली टेबलं एसक्यूएल सर्व्हरवर हलवली, जुने फॉर्म ओडीबीसी (वेगवेगळे डेटाबेस जोडून देणारी सोय) लिंकने त्यांना जोडले आणि पहिले काही दिवस सगळं सुरळीत चाललं. मग तक्रार येते. रेकॉर्ड सेव्ह करताना 'राइट कॉन्फ्लिक्ट'ची चौकट उघडते आणि सांगते की तुम्ही बदल करायला घेतल्यापासून हे रेकॉर्ड दुसऱ्या कोणीतरी बदललं आहे. प्रत्यक्षात त्या रेकॉर्डला दुसऱ्या कोणी हातही लावलेला नसतो. फॉर्म बंद करून उघडा, मशीन रीस्टार्ट करा, त्या रेकॉर्डवर तोच मेसेज येतो. शेजारचं रेकॉर्ड मात्र निमूट सेव्ह होतं.

हा बिघाड नेटवर्कचा नाही आणि फाइल करप्ट झाल्याचाही नाही. कॉम्पॅक्ट अँड रिपेअर चालवून काही होणार नाही, कारण त्या फाइलीत आता डेटाच नाही, नुसत्या लिंक आहेत. ऑफिस पुन्हा इन्स्टॉल करण्यात तर अर्धा दिवस फुकट जातो. टेबल सर्व्हरवर बसवताना दोन-तीन गोष्टी राहून गेलेल्या असतात, आणि त्या दुरुस्त होईपर्यंत हा मेसेज येतच राहतो. (खालच्या कमांड वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत.)

ॲक्सेस रेकॉर्ड ओळखतं कसं

लिंक केलेल्या टेबलवर फॉर्म उघडला की ॲक्सेस सगळा डेटा ओढत नाही. आधी फक्त प्रायमरी कीची, म्हणजे प्रत्येक ओळ ओळखणाऱ्या कॉलमची, यादी आणतं. मग स्क्रीनवर लागतील तशी रेकॉर्डं दहा-दहाच्या गठ्ठ्याने मागवतं: 'व्हेअर आयडी = ? ऑर आयडी = ?' असे दहा तुकडे जोडलेली एक क्वेरी. आता समजा सभासदांच्या टेबलात एकाचा फोन नंबर बदलून सेव्ह केलं. सर्व्हरकडे जाणारी कमांड साधारण अशी असते:

अपडेट सभासद सेट फोन = ? व्हेअर आयडी = ? अँड नाव = ? अँड फोन = ? अँड नोंद_तारीख = ? अँड शिल्लक = ? अँड सक्रिय = ?

म्हणजे, मी वाचलं तेव्हा सगळे कॉलम जसे होते तसेच अजून असतील तरच बदल कर. सर्व्हरने 'एक ओळ बदलली' असं उत्तर दिलं की काम झालं. 'शून्य ओळी' असं उत्तर आलं, तर ॲक्सेस एकच निष्कर्ष काढतं: मधल्या वेळात कोणीतरी बदल केला. पण शून्य येण्याचं खरं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. ॲक्सेसने वाचून परत पाठवलेली एखादी किंमत सर्व्हरवरच्या किमतीशी तंतोतंत जुळत नाही, एवढंच. तेव्हा प्रश्न उरतो तो कोणता कॉलम जाऊन-येऊन बदलतोय, हा.

आधी रोव्हर्जन

प्रत्येक टेबलात रोव्हर्जन प्रकारचा एक कॉलम टाका. याचं जुनं नाव टाइमस्टॅम्प, पण घड्याळाशी त्याचा काही संबंध नाही. हा आठ बाइटचा आकडा आहे आणि ती ओळ बदलली की सर्व्हर तो स्वतःच बदलतो.

अल्टर टेबल सभासद ॲड आरव्ही रोव्हर्जन नॉट नल

हा कॉलम दिसला की ॲक्सेस बाकीचे कॉलम ताडून पाहणं सोडून देतं. वरच्या कमांडमधल्या 'व्हेअर'मध्ये फक्त आयडी आणि आरव्ही उरतात. ओळ खरंच बदलली असेल तरच मेसेज येतो, आणि तेव्हा तो यायलाच हवा.

मायग्रेशन एसएसएमएने, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मोफत मायग्रेशन असिस्टंटने केलं असेल, तर हा कॉलम काही टेबलांत आपोआप आलेला दिसेल, काहींत नाही. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये 'टाइमस्टॅम्प कॉलम टाकायचे का' याला नेहमी, कधीच नाही आणि 'एसएसएमएला ठरवू द्या' असे तीन पर्याय आहेत. 'नेहमी' निवडा. ठरवायचं त्याच्यावर सोडलं की ज्या टेबलाला गरज नाही असं त्याला वाटतं, नेमक्या त्याच टेबलात पुढे सहा महिन्यांनी कोणीतरी अपूर्णांकाचा कॉलम टाकतं.

कॉलम टाकून झाला तरी काम संपत नाही. लिंक करताना टेबलाची रचना ॲक्सेस आपल्या फाइलीत लिहून ठेवतं आणि सर्व्हरवर नंतर झालेला बदल त्याला आपोआप कळत नाही. लिंक्ड टेबल मॅनेजरमधून रिफ्रेश करा. रिफ्रेश करूनही डिझाइन व्ह्यूमध्ये नवा कॉलम दिसला नाही, तर लिंक काढून नव्याने जोडा. 'रोव्हर्जन टाकून पाहिलं, फरक पडला नाही' या तक्रारींमागे बहुतेक वेळा ही राहिलेली पायरी असते.

एक परिणाम आधीच माहीत असू द्या. कोडमध्ये कॉलमांची नावं न देता 'इन्सर्ट इंटू सभासद सिलेक्ट स्टार' अशी क्वेरी असेल, तर ती आता फुटेल. रोव्हर्जनमध्ये आपण किंमत घालू शकत नाही, सर्व्हर एरर 273 देतो. अशा क्वेरीत कॉलमांची नावं लिहून टाका. ती तशीही लिहायला हवीच होती.

बिट कॉलममधली रिकामी जागा

ॲक्सेसच्या येस-नो फील्डमध्ये दोनच किंमती बसतात, रिकामं असं काही नसतं. सर्व्हरवरच्या बिट (होय-नाहीच्या) कॉलममध्ये मात्र नल, म्हणजे 'किंमतच नाही', हेही बसतं. ॲक्सेस तो नल 'नाही' म्हणून वाचतं, सेव्ह करताना 'सक्रिय = 0' असं विचारतं, आणि नल हा शून्याइतका नसल्यामुळे सर्व्हर म्हणतो, अशी ओळ नाही.

हा दोष चाचणीत पकडला जात नाही, कारण जुन्या फाइलीतून आलेल्या ओळींमध्ये नल नसतोच. तो नंतर येतो: कोणी मॅनेजमेंट स्टुडिओतून (सर्व्हर सांभाळायच्या प्रोग्राममधून) 'एसएमएस पाठवला' असा नवा कॉलम टाकतं आणि 'अलाऊ नल्स'ची खूण तशीच राहते, किंवा दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने थेट सर्व्हरवर ओळी घातलेल्या असतात. म्हणून काही रेकॉर्डं अडतात आणि काही नाही.

दुरुस्ती याच क्रमाने करा, उलटी केली तर शेवटची कमांड अडेल:

1. अपडेट सभासद सेट सक्रिय = 0 व्हेअर सक्रिय इज नल
2. अल्टर टेबल सभासद ॲड डिफॉल्ट 0 फॉर सक्रिय
3. अल्टर टेबल सभासद अल्टर कॉलम सक्रिय बिट नॉट नल

रोव्हर्जन असेल तर मेसेज सहसा थांबतो, तरीही हे करायचंच. नल तसाच राहिला तर 'सक्रिय = 0' हा फिल्टर त्या ओळी गाळून टाकतो आणि निष्क्रिय सभासदांची यादी गुपचूप अपुरी येते. त्याला कुठलाच मेसेज येत नाही. सगळ्या डेटाबेसमधले असे कॉलम एकदम शोधायचे असतील तर 'सिस.कॉलम्स'मध्ये प्रकार बिट आणि 'इज_नलेबल = 1' असं पाहा.

इथेच आणखी एक गोष्ट. ॲक्सेससाठी 'होय' म्हणजे -1, सर्व्हरसाठी 1. लिंक टेबलवर हा फरक ड्रायव्हर सांभाळतो, पण पास-थ्रू क्वेरीत (जशीच्या तशी सर्व्हरकडे जाणाऱ्या) किंवा व्ह्यूमध्ये (सर्व्हरवर साठवलेल्या क्वेरीत) '= -1' राहिलं असेल तर एकही ओळ येत नाही. दोन्हीकडे चालेल असं लिहायचं तर '<> 0'.

अपूर्णांक, तारखा, ट्रिगर

फ्लोट आणि रिअल प्रकारांत दशांश आकडे तंतोतंत मावत नाहीत. सर्व्हरकडून ॲक्सेसकडे आणि परत असा प्रवास झाला की शेवटच्या अंकांत फरक पडू शकतो आणि 'बरोबर' ही तुलना हुकते. रकमेसाठी फ्लोट मुळात वापरूच नये. ॲक्सेसच्या करन्सीसाठी मनी किंवा डेसिमल (19,4) ठेवा. मोजमापांसाठी फ्लोट लागतच असेल तर त्या टेबलात रोव्हर्जन हवंच.

तारखेचंही तसंच. सर्व्हरवर 'गेटडेट' (त्या क्षणाची तारीख-वेळ) हे डिफॉल्ट असलेल्या डेटटाइम कॉलममध्ये सेकंदाचेही तुकडे साठतात, ॲक्सेसच्या नेहमीच्या तारीख-वेळेत ते टिकत नाहीत. सेकंदापर्यंतच साठवायचं असेल तर डेटटाइम2(0) हा प्रकार चांगला, मात्र त्याला नवा ड्रायव्हर लागतो. विंडोजसोबत येणारा, नुसतं 'एसक्यूएल सर्व्हर' असं नाव असलेला जुना ड्रायव्हर डेट आणि डेटटाइम2 या दोन्हींना मजकूर म्हणून पुढे करतो. ओळखायची खूण सोपी: ॲक्सेसमध्ये लिंक टेबल डिझाइन व्ह्यूमध्ये उघडा. तारखेच्या कॉलमसमोर 'शॉर्ट टेक्स्ट' दिसलं तर ड्रायव्हर जुना आहे. ओडीबीसी ड्रायव्हर 17 किंवा 18 प्रत्येक मशीनवर टाका आणि टेबलं त्याच ड्रायव्हरने पुन्हा लिंक करा. एकाच मशीनवर टाकलात तर 'माझ्याकडे चालतं, त्यांच्याकडे नाही' हा नवा घोळ सुरू होतो.

टेबलावर ट्रिगर (ओळ बदलली की सर्व्हरवर आपोआप चालणारा कोड) असेल तर त्याची पहिली ओळ 'सेट नोकाउंट ऑन' असलीच पाहिजे. नसेल तर ट्रिगरने दुसऱ्या टेबलात केलेल्या बदलांचे आकडेही ॲक्सेसकडे पोचतात, आणि 'एक ओळ' अपेक्षित असताना भलताच आकडा मिळाला की ते बावचळतं.

आणि कधीकधी ॲक्सेसचं म्हणणं खरं असतं. फॉर्मवर रेकॉर्ड अर्धवट बदललेलं असताना बटणामागचा कोड त्याच ओळीवर 'अपडेट' चालवतो, मग फॉर्म सेव्ह होताना स्वतःशीच भांडतो. जुन्या फाइलीतही हे घडायचं, आता जास्त वेळा दिसतं. कोडमध्ये 'एक्झिक्यूट'च्या आधी 'मी.डर्टी = फॉल्स' ही ओळ घाला, म्हणजे फॉर्म आधी सेव्ह होईल, आणि नंतर 'मी.रिफ्रेश' करा. मुख्य फॉर्म आणि सबफॉर्म एकाच टेबलावर बांधलेले असतील तरी हेच होतं.

एवढं करूनही कोणता कॉलम अडतोय ते कळत नसेल तर अंदाज बांधत बसू नका. मॅनेजमेंट स्टुडिओत एक्सईव्हेंट प्रोफायलर सुरू करा, अडणारं रेकॉर्ड सेव्ह करा आणि सर्व्हरवर आलेली 'अपडेट' कमांड किंमतींसकट उचला. तिचा 'व्हेअर' भाग 'सिलेक्ट'ला लावा आणि एकेक अट काढत जा. जी अट काढल्यावर ओळ दिसू लागते, तोच कॉलम दोषी.

सगळ्या रकान्यांत '#डिलीटेड'

टेबल उघडलं की ओळींची संख्या बरोबर, पण प्रत्येक रकान्यात '#डिलीटेड'. हा डेटा गेलेला नसतो. घाबरून बॅकअप रिस्टोअर करू नका, त्यात आजच्या नोंदी मात्र खरंच जातील. ॲक्सेसने कीची यादी आणली, त्या कीने ओळ मागितली आणि ती मिळाली नाही, एवढाच याचा अर्थ. म्हणजे या वेळी की जाऊन-येऊन बदलते आहे.

बहुतेक वेळा की बिगइंट (फार मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) असते. ॲक्सेसच्या जुन्या आवृत्त्यांना हा प्रकारच ओळखता येत नाही. नव्यांमध्ये 'करंट डेटाबेस'च्या पर्यायांत लिंक टेबलांसाठी बिगइंटचा आधार चालू करावा लागतो, आणि तो चालू केला की फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. साध्या इंटमध्ये 2,14,74,83,647 पर्यंतचे आकडे मावतात. सभासद, पावत्या, रुग्ण, पुस्तकं यांना ते पुरून उरतात, तेव्हा की इंट ठेवा आणि विषय संपवा. फ्लोट किंवा डेटटाइम कीचा भाग असेल तर तीच अडचण येते आणि तिथे रचना बदलण्यावाचून इलाज नाही.

नवीन रेकॉर्ड घातल्यावर फक्त त्याच ओळीत '#डिलीटेड' येत असेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे सेव्ह करताच फॉर्मवर भलत्याच माणसाचं रेकॉर्ड दिसू लागत असेल, तर ट्रिगर पाहा. नवीन ओळ घातल्यावर ॲक्सेस सर्व्हरला '@@आयडेंटिटी' विचारतं, म्हणजे शेवटचा तयार झालेला क्रमांक. ट्रिगरने ऑडिटच्या (बदलांची नोंद ठेवणाऱ्या) टेबलात ओळ घातली असेल आणि त्या टेबलालाही आयडेंटिटी, म्हणजे आपोआप वाढणारा क्रमांक, असेल, तर उत्तर ऑडिटच्या क्रमांकाचं मिळतं. सभासद 512 घातला, ऑडिटची ओळ 88 झाली, तर ॲक्सेस 88 क्रमांकाचा सभासद आणून समोर ठेवतं. वापरणाऱ्याला वाटतं आपली नोंद तिथे गेली, आणि तो ती 'दुरुस्त' करतो. याच्यावर सगळ्यात साधा उपाय म्हणजे ऑडिट टेबलातली आयडेंटिटी काढून तिथे युनिकआयडेंटिफायर (क्रमाने न वाढणारी, एकमेव ओळख) की ठेवणं.

क्रमांकाशी संबंधित आणखी दोन गोष्टी याच टप्प्यावर उघड होतात. ॲक्सेसमध्ये पहिलं अक्षर टाइप करताच ऑटोनंबर दिसायचा, सर्व्हरवर तो सेव्ह झाल्यावरच मिळतो. कोडमध्ये 'ॲडन्यू' नंतर लगेच आयडी वाचला असेल तर रिकामा हाती येतो. आधी 'अपडेट', मग 'बुकमार्क = लास्टमॉडिफाइड', मग आयडी असा क्रम करा. त्याच कोडमध्ये एरर 3622 येत असेल तर 'ओपनरेकॉर्डसेट'ला 'डीबीसीचेंजेस' हा पर्याय द्यायचा राहिला आहे. दुसरी गोष्ट, सर्व्हर अचानक बंद पडून सुरू झाला की आयडेंटिटीचे क्रमांक एकदम हजाराने उडी घेऊ शकतात. 2012 च्या आवृत्तीपासून सर्व्हर क्रमांक आगाऊ राखून ठेवतो, त्याचा हा परिणाम. 2017 पासून 'आयडेंटिटी_कॅश' बंद करता येतो, पण पावती क्रमांकासारखी खंड न पडता चालणारी मालिका आयडेंटिटीवर ठेवूच नये. रद्द झालेल्या नोंदीचाही क्रमांक वाया जातो, आणि ऑडिटर नेमका तोच विचारतो.

5 एप्रिल की 4 मे

हा दोष सगळ्यात चिवट, कारण एरर येतच नाही. ॲक्सेसच्या क्वेरीत दोन # च्या मध्ये लिहिलेली तारीख महिना-दिवस-वर्ष अशीच वाचली जाते, विंडोजचं सेटिंग भारतीय असलं तरी. कोडने फॉर्मवरची '05/04/2024' ही तारीख जशीच्या तशी जोडून क्वेरी बनवली की ती 4 मे होते. 13 तारखेपासून पुढे महिना तेरावा नसल्यामुळे ॲक्सेस मुकाट्याने उलटं वाचतं आणि उत्तर बरोबर येतं. म्हणून महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांचे अहवाल चुकतात आणि नंतरचे जुळतात. पास-थ्रू क्वेरीत सर्व्हर लॉगिनच्या भाषेनुसार अर्थ लावतो. 'यूएस इंग्लिश' असेल तर तिथेही महिना आधी, फक्त 13 तारखेपासून तो मुकाट बसत नाही, एरर देतो. सर्व्हरकडे तारीख नेहमी '20240405' अशी, मध्ये काहीही चिन्ह न घालता द्या. हा साचा कुठल्याही भाषेच्या सेटिंगवर एकच अर्थ देतो. वर्ष-महिना-दिवस मध्ये आडव्या रेघा घालून लिहिलं तर डेटटाइम कॉलमवर तेवढी खात्री नाही.

मायग्रेशनच मध्येच थांबत असेल तर सालं तपासा. ॲक्सेस सन 100 पासूनच्या तारखा घेतं, सर्व्हरचा डेटटाइम 1 जानेवारी 1753 पासून. '2018' ऐवजी '0218' टाइप झालेली एक जन्मतारीख अख्खं टेबल अडवते. हलवण्याआधी प्रत्येक तारखेच्या कॉलमचं किमान आणि कमाल काढून पाहा. केवळ वेळ साठवलेले कॉलमही वेगळे हाताळा. त्यांची पायाभूत तारीख ॲक्सेसमध्ये 30 डिसेंबर 1899 असते, सर्व्हरवर 1 जानेवारी 1900, आणि आकड्यात रूपांतर केलं की दोन दिवसांचा फरक पडतो.

मराठी मजकूर आणि प्रश्नचिन्हं

युनिकोड मराठीसाठी कॉलम एनव्हारचार हवा, व्हारचार नाही. व्हारचारमध्ये गेलेलं 'पुणे' प्रश्नचिन्हं होऊन साठतं आणि परत मिळवता येत नाही. कॉलम बरोबर असूनही पास-थ्रू क्वेरीत किंवा प्रोसीजरमध्ये गाव = 'पुणे' असं लिहिलं तर काहीच सापडत नाही, कारण अवतरणाच्या आधी एन अक्षर नसेल तर मजकूर वाटेतच '????' होतो. एन'पुणे' असं लिहा.

ॲक्सेसच्या व्हीबीए (कोड लिहिण्याची भाषा) एडिटरला युनिकोड कळत नाही. कोडमध्ये थेट लिहिलेली देवनागरी तिथेच प्रश्नचिन्हं होते, सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. मराठी शब्द टेबलात किंवा फॉर्मवरच्या लेबलात ठेवा आणि कोडने तिथून वाचा.

अकारविल्हे लावण्यासाठी 'इंडिक_जनरल_100_सीआय_एएस' हे कोलेशन (अक्षरांचा क्रम आणि तुलना ठरवणारे नियम) आहे, पण ते फक्त युनिकोड प्रकारांवर चालतं आणि अख्ख्या डेटाबेसला लावता येत नाही. एकेका कॉलमला किंवा क्वेरीतल्या 'ऑर्डर बाय'ला लावा.

'कऱ्हाड' शोधताना निम्मी रेकॉर्डंच मिळत असतील तर टंकलेखन दोन पद्धतींनी झालं आहे: काही ठिकाणी ऱ हे स्वतंत्र अक्षर, काही ठिकाणी र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. डोळ्यांना दोन्ही सारखेच. एकसारखं करायला 'रिप्लेस' वापरा, पण बायनरी कोलेशनखाली, उदाहरणार्थ 'लॅटिन1_जनरल_100_बिन2'. नाहीतर न दिसणारं अक्षर तुलनेत धरलंच जात नाही. घर क्रमांक देवनागरी अंकांत असतील तर ते इंटमध्ये बदलताना एरर येते. 2017 पासूनच्या 'ट्रान्सलेट'ने अंक आधी बदलून घ्या.

डेटा जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये असेल तर मायग्रेशन आणि फॉन्टचं रूपांतर एकाच वेळी करू नका. आधी जसा आहे तसा एनव्हारचारमध्ये न्या, ओळींची संख्या आणि रकमांच्या बेरजा जुळवा, मगच रूपांतर. दोन्ही एकदम केलं आणि काही बिघडलं तर दोष कोणाचा हे शोधायला जुळवायचा आधारच उरत नाही.

सर्व्हरवर गेलं आणि उलट हळू झालं

ही तक्रार खरी असते. क्वेरीत 'एनझेड' (नलच्या जागी दुसरी किंमत देणारं) किंवा स्वतः लिहिलेलं व्हीबीए फंक्शन असेल तर सर्व्हरला ते कळत नाही. ॲक्सेस मग अख्खं टेबल नेटवर्कवरून ओढून गाळण घरच्या मशीनवर करतं. एका बाजूला लोकल टेबल आणि दुसऱ्या बाजूला सर्व्हरचं असा जोड लावला तरी तेच. अटींमधली फंक्शनं काढा, जोड सर्व्हरवर व्ह्यू करून त्यात घाला आणि व्ह्यू लिंक करा. लिंक करताना ॲक्सेस ओळ ओळखणारा कॉलम विचारतं. तो चुकीचा निवडला तर एकच ओळ पुन्हा पुन्हा दिसते, निवडलाच नाही तर बदल करता येत नाहीत. मोठे अहवाल पास-थ्रू क्वेरीवर न्या. फॉर्म अख्ख्या टेबलावर उघडण्याऐवजी आधी क्रमांक किंवा नाव विचारून तेवढंच रेकॉर्ड उघडा. हा एकच बदल बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेग देतो.

काही जण मात्र हळू नाही तर ठप्प होतात: एकाने यादी उघडी ठेवली की दुसऱ्याचं सेव्ह अडतं. लांबलचक यादीच्या सुरुवातीच्या ओळी घेऊन ॲक्सेस थांबतं, उरलेल्या सर्व्हरकडे तशाच राहतात आणि वाचनाचं लॉक सुटत नाही. त्या वेळी 'एसपी_हू2' चालवलं तर 'बीएलकेबाय' रकान्यात यादी उघडणाऱ्याचा क्रमांक दिसतो. उपाय: सगळे बाहेर पडल्यावर डेटाबेसला 'रीड_कमिटेड_स्नॅपशॉट ऑन' करा. मग वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही.

जोडणीच होत नसेल

एसक्यूएल सर्व्हरच्या मोफत एक्सप्रेस आवृत्तीत टीसीपी-आयपी (नेटवर्कवरून जोडायचा मार्ग) मुळात बंद असतं. कॉन्फिगरेशन मॅनेजरमधून चालू करून सर्व्हिस रीस्टार्ट करा. एरर 26 म्हणजे दिलेल्या नावाची इन्स्टन्स (सर्व्हरची चालू प्रत) सापडली नाही: ब्राउझर सर्व्हिस सुरू आहे का आणि फायरवॉलमध्ये यूडीपी 1434 उघडा आहे का ते पाहा. 18456 म्हणजे लॉगिनचा प्रश्न. ड्रायव्हर 18 टाकल्यावर सर्टिफिकेटवर विश्वास नाही असा मेसेज आला तर कारण हेच की तो एन्क्रिप्शन सक्तीचं धरतो. सर्व्हरवर योग्य सर्टिफिकेट बसवा, किंवा ऑफिसच्या आतल्या नेटवर्कपुरतं 'ट्रस्टसर्व्हरसर्टिफिकेट=येस'. 'आर्किटेक्चर मिसमॅच' आलं तर ऑफिस 32 बिट आणि डीएसएन (ओडीबीसी जोडणीची साठवलेली माहिती) 64 बिट असं झालेलं असतं. विंडोजची गंमत अशी की 32 बिटचा ओडीबीसी प्रोग्राम 'सिसवॉव64' फोल्डरमध्ये राहतो आणि 64 बिटचा 'सिस्टम32'मध्ये.

युनिक इंडेक्स (एकच किंमत दोनदा येऊ न देणारा) बनवताना एरर 1505 आली आणि त्यात नल दिसला, तर ॲक्सेस एका युनिक कॉलममध्ये कितीही रिकाम्या जागा चालवून घेत होतं, सर्व्हर एकच चालवतो. 'व्हेअर पॅन इज नॉट नल' अशी अट लावून फिल्टर्ड इंडेक्स बनवा.

नोंदी 'गायब' होत असतील

सर्व्हरवर नोंद दिसत नाही, पण टाकणारा शपथेवर सांगतो की टाकली. अशा वेळी जुन्या डेटा फाइलीचं फोल्डर उघडा. ऑफिसच्या वेळेत तिच्या शेजारी त्याच नावाची '.एलएसीसीडीबी' फाइल दिसली तर कोणीतरी ती अजून उघडून बसलं आहे: एखाद्या मशीनवर फ्रंट-एंडची (फॉर्म आणि लिंक असलेल्या फाइलीची) जुनी प्रत राहिली आणि नोंदी तिथे जात आहेत. जुन्या फाइलीचं नाव बदला. ज्या मशीनवर 'फाइल सापडत नाही' अशी ओरड होईल तिथे नवी फ्रंट-एंड टाका, आणि नाव बदललेल्या फाइलीतून मायग्रेशनच्या तारखेनंतरच्या नोंदी काढून सर्व्हरवर चढवा. त्यांचे ऑटोनंबर मधल्या काळात सर्व्हरवर दुसऱ्यांना दिलेले असतात, तेव्हा 'आयडेंटिटी_इन्सर्ट' न वापरता नवे क्रमांक घेऊ द्या आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या ओळींतला क्रमांकही त्याच वेळी बदला.